अपडेट कायमचं बंद नका करू

विंडोजचं अपडेट सारखं फसतंय तर ते कायमचं बंदच करा, असा सल्ला या चर्चेत कुणीतरी दिलाय. कृपया नको, सुरक्षेचे पॅचही (त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या) त्याच वाटेने येतात. ऐरोलीत माझ्या भावाच्या लॅपटॉपवर एकच अपडेट तीनदा अडकलं. सी ड्राइव्हवर जेमतेम ४ जीबी जागा उरली होती, तिथेच घोडं अडलं होतं! म्हणून आधी जागा करा. तरीही जमलं नाही तर ‘सर्व्हिसेस’मध्ये (विंडोजमध्ये मागे चालणाऱ्या कामांची यादी) ‘विंडोज अपडेट’ थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’मधलं ‘डाउनलोड’ फोल्डर रिकामं करा, सर्व्हिस परत सुरू करा आणि मशीन रीस्टार्ट करा. अर्धवट उतरलेल्या फायली जातात, सगळं नव्याने उतरतं. (फोटो-कागदपत्रांचा बॅकअप आधी घ्याच.) नुसती सवड हवी असेल तर विंडोज ११ मध्ये अपडेट काही आठवडे पुढे ढकलता येतं.