विस्कॉन्सिनने परवाना काढून घेतला, त्यात चूक काय?

गोदाकाठ: कालच्या पोस्टमध्ये 'सरकारने विमा कंपनीची गळचेपी केली आणि कोर्टाने साथ दिली' असं ठोकून दिलंय. वाचून राहवलं नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा 1870 चा कायदा होता: बाहेरच्या राज्यातल्या आगविमा कंपनीने आधी लिहून द्यायचं, आमच्यावरचा दावा फेडरल (केंद्राच्या) कोर्टात नेणार नाही. न्यूयॉर्कच्या कॉन्टिनेंटल विमा कंपनीने लिहून दिलं, हप्ते गोळा केले. ड्रेक नावाच्या पॉलिसीधारकाने दावा लावल्यावर मात्र प्रकरण फेडरल कोर्टात नेलं. तेव्हा 1876 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, मुख्य न्यायाधीश रायन यांनी, राज्याचे सचिव डॉइल यांना परमादेश (अधिकाऱ्याने अमुक काम करावंच, असा कोर्टाचा हुकूम) दिला: कंपनीचा परवाना रद्द करा. शब्द मोडणाऱ्याची गळचेपी कसली?

फिर्यादी: अर्धीच गोष्ट सांगताय. तसं लिहून घेणंच बेकायदा, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1874 मध्ये मोर्स खटल्यात सांगितलं होतं. जी अट मुळात रद्दबातल, ती मोडली म्हणून शिक्षा?

गोदाकाठ: आणि पुढे त्याच न्यायालयाने डॉइल यांच्या बाजूने निकाल दिला, ते गाळलंत. परवाना राज्याचा, काढून घ्यायचा हक्कही राज्याचा.

फिर्यादी: तिघा न्यायमूर्तींचा विरोध होता. 1922 मध्ये टेरल खटल्यात त्याच न्यायालयाने तो निकाल मोडीतच काढला.

सातारी: तुमचं कोर्ट-कोर्ट चालू द्या. आमच्या कापडदुकानाला आग लागली तेव्हा विमा कंपनीचा सर्वेअर जळक्या गठ्ठ्यांवर बूट ठेवून स्टॉक रजिस्टर मागत होता. रजिस्टर त्याच कपाटात जळालं होतं! वर वकील म्हणाला, केस मुंबईला लढावी लागेल. ड्रेकला काय वाटलं असेल ते मला विचारा.

कोकणकडा: दादा, 2019 च्या ग्राहक कायद्यात राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

सातारी: धंद्याची पॉलिसी म्हणून आधी तिथेच दोन वर्षं अडवलं, ताई. कायदा वाचून दाखवू नका.

कोकणकडा: मग वकील बदलायचा होता. धंद्याच्या नुकसानीचा विमा ग्राहक आयोगात चालतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय.

सातारी: तेव्हा तुम्ही कुठे होतात?

फिर्यादी: भांडण ड्रेकचं होतं, दुकानाचं नाही. गावची ज्युरी आणि बाहेरची कंपनी, निकाल काय लागणार ते ठरलेलंच. फेडरल कोर्ट त्यासाठीच होतं.

गोदाकाठ: ज्युरीची भीती होती तर सही करायची नव्हती. 1922 चं मान्य, कायदा तुमच्या बाजूला गेला. पण ज्याचं घर जळलं त्याने खटल्यासाठी कुठवर धावायचं, याचं उत्तर टेरलमध्ये दाखवा.