मदत हवी आहे : चांदीच्या वाडग्यावरची मोडी अक्षरे आणि नववी मूर्ती

आजीकडून आलेल्या चांदीच्या वाडग्याच्या बुडाशी मोडी अक्षरांची ओळ कोरलेली असून तिच्यातले ‘शके १८०३’, म्हणजे इ.स. १८८१-८२, एवढेच मला खात्रीने लागते. पुढे ‘३०’ हा आकडा आहे. वाडगा आज ३४६ ग्रॅम भरतो आणि ११.६६ ग्रॅमचा तोळा धरल्यास तीस तोळ्यांचे ३५० ग्रॅम होतात, म्हणून ते वजनच असावे. बाहेरून उठावाचे दशावतार आहेत. नववी मूर्ती मात्र कमरेवर हात ठेवून विटेवर उभी आहे. महाराष्ट्रात बुद्धाच्या जागी विठ्ठल दाखवण्याची जुनी रीत असल्याने हे काम मद्रासकडचे नसून इकडच्याच कारागिराचे म्हणता येईल का? उरलेली पुसट अक्षरे पॉलिश न करता कशी वाचावीत, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.