चाप आधी की दस्ता आधी?

करवीरकर: काल इथे एका सदस्याने नवख्यांना सल्ला दिला की दहा मीटर एअर रायफल घेताना हाताशी असलेले जादा पैसे इलेक्ट्रॉनिक चापाच्या (बोटाने दाबायच्या ट्रिगरच्या) मॉडेलवर घालावेत, ॲडजस्टेबल दस्ता, म्हणजे खांद्या-गालाला टेकणारा मागचा भाग, पुढे कधीतरी बघता येतो. हे वाचून राहवले नाही. माझ्या मुलीने तेराव्या वर्षी नेम धरायला सुरुवात केली तेव्हा क्लबच्या लाकडी दस्त्याचा चीकपीस, म्हणजे गाल टेकवायची पट्टी, इतका खाली होता की पीपमधून (नेम धरायच्या बारीक भोकातून) पाहायला तिला मान वाकवावी लागे आणि विसाव्या छर्‍यापर्यंत मानेत गोळा येई. पुठ्ठ्याचे तीन तुकडे चिकटपट्टीने लावून आम्ही तो उचलला आणि त्याच आठवड्यात तिचे गट आवळले, म्हणजे भोके जवळजवळ पडू लागली. चापाला कोणी हातही लावला नव्हता.

निशाणबाज_पुणे: सल्ला माझाच होता. दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, साठ छर्‍यांचे गुण दशांशात मोजले जातात, आणि चाप दाबताना नळी केसभर हलली तरी १०.६ चा ९.८ होतो, हे आपण जाणताच. पुठ्ठ्याने मान सरळ होईल. बोटाचा धक्का पुठ्ठ्याने जाईल का?

सातारकर: चापाचे निघालेच आहे तर ऐका. एअर पिस्तुलाला चापाचे किमान वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, ५०० ग्रॅम ठरवून दिले आहे, एअर रायफलला मात्र किमान मर्यादाच नाही, आणि याचाच फायदा घेऊन आमच्या प्रशिक्षकांनी माझ्या पुतण्याचा चाप चाळीस ग्रॅमपर्यंत हलका केला. डिसेंबरातली जिल्हा स्पर्धा, सकाळची पहिली फेरी, बोटे गारठलेली. त्याने चापावर बोट टेकवले मात्र, छर्रा लक्ष्याबाहेर गेला आणि पडद्यावर शून्य उमटले. त्यानंतर पोराने तीन महिने रायफल उचलली नाही.

टेक्सासवासी: आमच्याकडे एआर-१५ या रायफलमध्ये चाप, ग्रिप (हाताची मूठ) आणि दस्ता हे सगळे लोअर रिसिव्हरलाच, म्हणजे खालच्या सांगाड्यालाच, जोडलेले असते, आणि अमेरिकन कायद्याच्या लेखी तोच भाग म्हणजे बंदूक. सर्व्हिस रायफलच्या (लष्करी धाटणीच्या रायफलच्या) स्पर्धेत चाप साडेचार पौंडांहून, म्हणजे साधारण दोन किलोंहून, हलका चालत नाही आणि तरीही लोक उत्तम मारतात. चाळीस ग्रॅम हा निव्वळ चोचलेपणा आहे.

निशाणबाज_पुणे: दोन किलोंचा चाप आणि दहा मीटरवरचा ठिपका यांची तुलना करणार्‍याने आधी एकदा आमच्या रेंजवर उभे राहून दाखवावे. आणि सातारकर, दोष चापाचा नव्हता, तो बसवणार्‍याचा होता. दोन टप्प्यांच्या चापात, म्हणजे आधी थोडा मागे येऊन अडणार्‍या आणि मग सुटणार्‍या चापात, पहिल्या टप्प्याला पुरेसे वजन ठेवले तर गारठलेल्या बोटालाही दुसरा टप्पा कुठे सुरू होतो ते कळते.

सातारकर: म्हणजे पोराचे शून्य आमच्याच माथी! छान. पण मग महागडा इलेक्ट्रॉनिक चाप घेऊन तो नीट बसवणारा माणूस तालुक्याला कुठून आणायचा, हेही आपणच सांगा.

करवीरकर: माझा मुद्दा बाजूला पडला, म्हणून पुन्हा मांडतो. आमच्या जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम धरावा लागतो. चाप तिन्ही वेळा तोच राहतो, बट प्लेट (दस्त्याचे खांद्याला टेकणारे टोक) आणि चीकपीस मात्र आसनागणिक हलवावे लागतात. बदलते काय आणि तसेच राहते काय, यावरूनच कोणाची निकड मोठी ते ओळखावे.

निशाणबाज_पुणे: उदाहरण पन्नास मीटरचे आणि प्रश्न दहा मीटरचा, दहाला शेवटपर्यंत उभेच राहायचे असते. तरीही वाढत्या वयाच्या मुलांपुरते, ज्यांची मान आणि हात दर सहा महिन्यांनी लांबतात, दस्ता आधी हे मी मान्य करतो. पुठ्ठ्याचे श्रेय अर्थातच आपले.

करवीरकर: ते तुकडे अजून कपाटात आहेत. हवे असल्यास पाठवतो, चिकटपट्टी तेवढी तुमची.