दोन गावांच्या सामायिक रानाच्या हद्दीबाबत मदत हवी आहे

गोव्यातील सत्तरी तालुक्यातील आमच्या गावाच्या वनहक्क समितीचा मी सदस्य असून, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावा तयार करताना शेजारच्या गावाशी हद्दीवरून आमचे एकमत होत नाही. काजू बागायतींचे वैयक्तिक दावे वेगळे आहेत. प्रश्न फक्त व्हाळापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) रानाचा आहे, जिथे दोन्ही गावांची गुरे चरतात आणि जिथली देवराई दोन्ही गावे सारखीच मानतात.

या कायद्याच्या नियमावलीतील नियम १२ प्रमाणे दोन्ही समित्यांच्या दोन संयुक्त बैठका झाल्या आणि जाणत्या माणसांना व वन खात्याच्या कर्मचाऱ्यांना घेऊन आम्ही जागेवरही फिरलो. तरीही रेघ ओढली की पलीकडचा हक्क कायमचा जाईल, ही भीती दोन्हीकडे आहे आणि ती मला रास्त वाटते. न सुटलेला वाद ग्रामसभेच्या वरच्या उपविभागीय समितीकडे नेता येतो, परंतु तो मार्ग आम्हाला शेवटचाच ठेवायचा आहे.

ज्यांनी असा दावा केला आहे त्यांनी कृपया सांगावे: हद्द न विभागता तेवढे रान दोन्ही गावांच्या वापराचे म्हणून संयुक्त अहवालात नोंदवून दोन्ही ग्रामसभांनी ठराव केले, तर नकाशा आणि ठरावाचा मजकूर नेमका कसा लिहावा?