देशाचं विशेषण आणि देशाचा माणूस

दादा, इंग्रजीत देशाच्या नावावरून विशेषण आणि माणसासाठीचा शब्द करायचा तुमचा नियम इंडियन, जर्मन, अमेरिकन इथवर बरोबर आहे: विशेषण आणि माणूस एकच, अनेकवचनाला 'एस' लावा. पण लातूर-नांदेडच्या शिकवण्यांमध्ये आपली लेकरं अडतात ती पुढं. डॅनिश, पोलिश, स्पॅनिश ही विशेषणं. माणूस मात्र डेन, पोल, स्पॅनियर्ड. फ्रेंचचं तर फार जपून सांगावं. 'अ फ्रेंच' होत नाही, फ्रेंचमन किंवा फ्रेंचवुमन. आणि 'द फ्रेंच' म्हणजे अख्खे फ्रेंच लोक, म्हणून क्रियापद 'आर'. जॅपनीज, चायनीजला अनेकवचनातही 'एस' नको. पहिलं अक्षर कॅपिटल, विशेषण असलं तरी. हे आधी पक्कं करून घ्या. मराठीत मोठं अक्षरच नसल्यानं लेकरांच्या ध्यानात राहत नाही.