मदत हवी आहे: फाटे फुटणाऱ्या गोष्टीवर परीक्षेत प्रश्न कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी शिकवते. लघुनियतकालिकांच्या (लेखक-कवींनी स्वतःच काढलेल्या छोट्या, प्रस्थापित चौकटीबाहेरच्या मासिकांच्या) घटकात ‘शब्द’, ‘असो’ वगैरेंची नुसती नावं पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना काही हाताळायला द्यावं म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून प्रती काढलेल्या) अंकाच्या पानाची मूळ आकारातली झेरॉक्स. ती छान चालली. पुसट शाई, वाकडी ओळ, समासात घुसलेले शब्द यावर मुलं आपणहून बोलली. (तीच कविता आधी युनिकोडमध्ये टाइप करून दिली होती, तेव्हा वर्ग ढिम्म.)

दुसरी, ट्वाइनमध्ये (फाटे फुटणाऱ्या गोष्टी तयार करायचं मोफत सॉफ्टवेअर) मी स्वतः केलेली छोटी मराठी गोष्ट. वाचक दुव्यावर बोट ठेवेल तशी पुढे सरकते, शेवट तीन. एचटीएमएल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, बहुतेकांच्या फोनवर नेटशिवाय उघडली. तांत्रिक अडचण नाही.

घोडं अडलंय ते अंतर्गत मूल्यमापनात. प्रत्येकानं वेगळी वाट वाचलेली. कथानक विचारलं तर उत्तरं ताडून बघता येत नाहीत. सगळ्या वाटा वाचायला लावल्या तर गोष्टीचा जीवच जातो. ‘तुमची वाट लिहा’ म्हटलं, तर निव्वळ सारांश आले.

वर्ग मोठा आहे, संगणक कक्ष नाही, उत्तर कागदावर आणि मराठीतच हवं, गुण १०. तोंडी परीक्षा वेळेत बसत नाही.

अशा संहितेवर कुणी लेखी प्रश्न काढलाय का? प्रश्नाची नेमकी शब्दरचना काय होती आणि गुण कशाकशाला दिलेत?