थोड्या पैशांतले भयपट आणि आपली भीती: खानदेशातले अनुभव

दिग्दर्शक ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ स्वतःच्याच घरात, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये चित्रित केला आणि त्यात भीती घालते ती मुख्यतः झोपलेल्या जोडप्याची खोली. असा अल्पखर्ची भयपट पाहिल्यावर मनातली कोणती भीती वर आली आणि तिला आपण कसे सामोरे गेलात, ते लिहावे.

यावल, केळी उत्पादक:
कृषिपंपाची वीज आमच्याकडे अनेकदा रात्री येते, त्यामुळे भयपट पाहिला म्हणून मोटार सुरू करायला जायचे टाळता येत नाही. असाच एक चित्रपट मोबाइलवर पाहून बागेत शिरलो, तर मागून कोणी पाय घासत चालल्यासारखा आवाज येऊ लागला. पळालो असतो तर पुन्हा रात्री त्या बागेत जाणे जड गेले असते, म्हणून बॅटरीचा झोत आवाजाकडे धरून उभा राहिलो. खोडाला लोंबणारी वाळकी पाने एकमेकांवर घासत होती. वारा पडला की आवाजही थांबे. हे कळल्यावरही छातीतली धडधड बराच वेळ टिकली, म्हणूनच पडद्यावरचा नायक एका क्षणात निर्भय होतो हे मला पटत नाही.

भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी:
यार्डात रात्रपाळ्या काढलेल्या माणसाला असल्या चित्रपटांत झोप लागते. क्षमस्व.

अमळनेर, हौशी लघुपटकार:
अहिराणी लघुपट करताना भुताच्या रंगभूषेला पैसे नव्हते, म्हणून आम्ही भूतच काढून टाकले. धाब्याच्या घरातली म्हातारी अंधाऱ्या ओसरीकडे पाहून “कोन शे तठे?” एवढेच विचारते आणि उत्तर येत नाही. गावात दाखवला तेव्हा नेमकी इथेच मुले आयांना बिलगली.

धडगाव, शिक्षक:
सातपुड्यातल्या काही पाड्यांत एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार 2013चा जादूटोणाविरोधी कायदा येऊनही पुरते थांबलेले नाहीत, त्यामुळे मोकळ्या केसांची बाई पडद्यावर आली की माझ्या विद्यार्थ्यांना ती निव्वळ गोष्ट वाटत नाही. मी त्यांना चित्रीकरणाची करामत समजावतो: चेहऱ्याला फासलेले पीठ, दाराला बांधलेली दोरी. त्यावर एका मुलीने विचारले, “दोरीच होती, तर लोक आमच्या काकूला का घाबरतात?” हा प्रश्न मुलांपेक्षा मोठ्यांपुढे ठेवायला हवा. अमळनेरकरांचा लघुपट पालकसभेत दाखवायला आवडेल. त्यात बाईच घाबरलेली आहे, हे मला विशेष उपयोगाचे वाटते.